शेवटच्या गाडीजवळ

निजामावरच्या पोलीस ॲक्शनला चार-पाच वर्षं झाली होती, तरी आमच्या गावातून मंठ्याच्या बाजाराला कोणी एकटं जात नसे. धामधुमीत लोकांच्या हाती लागलेल्या बंदुका सगळ्याच काही सरकारात जमा झाल्या नव्हत्या. म्हणून सात-आठ गाड्या एकामागे एक निघायच्या आणि पहिल्या गाडीत मी, ठासणीची बंदूक मांडीवर घेऊन. परवाना मला मिळाला होता तो रानडुकरांपासून पीक राखायला. गावाने मला माणसांचा राखणदार करून टाकलं, आणि मला ते आवडलं, हे आधीच कबूल करतो.

शेवटची गाडी बांगड्या विकणाऱ्या मन्याराची. काच फुटू नये म्हणून तो सावकाश हाकायचा. निघताना मला विचारायचा, "काय बंदूकवाले, परवाचं डुक्कर मेलं का हसून गेलं?"

"हसून गेलं," मी म्हणायचो.

त्या दिवशी सकाळी ओढ्याच्या उतारावर झाडीतून दोघं निघाले आणि त्यांनी त्याचीच गाडी अडवली. एकाकडे बंदूक होती. ओरडा ऐकताच बाकीच्यांनी बैल पिटाळले. मी उडी टाकून मागे पळालो आणि वीस पावलांवर गुडघा टेकून नेम धरला. पण मन्यार मधे उभा होता, आणि माझ्या बंदुकीत छर्रे होते. ते पसरून आधी त्यालाच लागले असते.

दुसरा चोर बांगड्यांची पेटी ओढत होता. मन्याराचे हात सैल झालेले मी पाहिले. तो ती सोडणारच होता. तेवढ्यात त्याला मी दिसलो. त्याने पेटी पुन्हा घट्ट धरली.

"आता न्या बरं," तो त्यांना म्हणाला. "आमचा बंदूकवाला आलाय."

मी झाडली नाही. बंदूक खालीही ठेवली नाही. 'देऊन टाक' एवढंच म्हणायचं होतं, तेही तोंडातून निघालं नाही. चोराची गोळी त्याच्या पोटात लागली. ते दोघं पेटी घेऊन गेले. मी त्याचीच गाडी हाकत मंठ्याला आलो, पण तो वाटेतच गेला होता.

फौजदाराने विचारलं, "का न्हाई झाडली?"

"साहेब, मधी माणूस व्हता."

"मंग म्होरं कशाला गेलास? लांबून तोंडं बघून ठेवायची. त्याला म्हणायचं, दे बाबा, जीव वाचव." मग तो कागदाकडे वळला. "जा घरी. तुझा काही गुन्हा न्हाई."

गावात सगळे म्हणाले, बंदूक होती म्हणून बाकीच्या गाड्या वाचल्या. मन्याराचं शेवटचं बोलणं माझ्याशिवाय कोणी ऐकलं नव्हतं, आणि मी ते कोणाला सांगितलं नाही.

नवरा गेल्यावर पाळायची चार महिने दहा दिवसांची इद्दत संपल्यावर त्याची बायको नवी पेटी घेऊन बाजाराला निघाली. सरळ माझ्या गाडीशी आली.

"भाई, मैं इधरच बैठती. पीछे डर लगता."

"बसा भाभी."

त्या वेळी तरी तिला त्याचं ते बोलणं सांगायला हवं होतं. मी नुसती बंदूक उचलून पलीकडे ठेवू लागलो, तर ती म्हणाली, "रहने दो ना भाई, बीच में. उससे धीर रहता."

मी ती तिथेच राहू दिली आणि बैल हाकले.