जाऊबाईंची लाल पेटी

कोपर स्टेशनपासून कोलशेतच्या खाडीपर्यंतच्या टापूत आमच्या घरच्या कुठल्याही माणसाला माझ्या मोठ्या जाऊबाईंच्या परवानगीशिवाय साधं खरचटूनही घेता येत नाही. लोक सहलीला निघतात तेव्हा आधी जागा ठरवतात, मग खाणं ठरवतात आणि औषधाची आठवण त्यांना घाटात पहिली उलटी झाल्यावर होते. आमच्याकडे हे सगळं उलट्या क्रमाने चालतं. कुणी रिसॉर्टचे फोटो दाखवायला लागलं की बाकीचे पोहण्याचा तलाव बघतात आणि जाऊबाई विचारतात, "गाडी आत कुठपर्यंत येते? आणि डॉक्टर किती लांब आहे?" येऊरला पहिल्यांदा गेलो तेव्हा सगळे हिरवळ बघून हरखले होते आणि जाऊबाई फाटकावरच्या वॉचमनला गाठून विचारत होत्या, "भाऊ, इथे साप निघाला तर तुम्ही काय करता?" वॉचमन म्हणाला, "बाजूला होतो, मॅडम." हे उत्तर त्यांना अजिबात पटलं नाही.

त्यांची प्रथमोपचाराची पेटी म्हणजे त्यांच्या लग्नात रुखवतात मिळालेली लालभडक व्हॅनिटी केस. आत आरसा, आरशाखाली लिपस्टिकसाठी केलेले गोल खळगे. त्या खळग्यांत आता थर्मामीटर, चिमटा आणि जंतुनाशकाची बाटली उभी असते. पावडरच्या जागी गॉझच्या घड्या, कानातल्यांच्या कप्प्यात सेफ्टी पिना. बदलापूरच्या बाजूला एका शेतघरावर आम्ही गेलेलो, तिथे पलीकडे कुणाचं तरी प्री-वेडिंग शूटिंग चाललं होतं. पेटी बघून एक घामाघूम मुलगी पळत आली आणि म्हणाली, "आंटी, आमची मेकअपवाली आलीच नाही. फक्त नवरीचा कराल का, प्लीज?" जाऊबाईंनी तिला बसवलं, पाणी दिलं, नवरीच्या टाचेला नव्या सँडलने आलेला फोड बघितला आणि त्यावर अशी सुबक पट्टी लावून दिली, की नवरी दिवसभर न लंगडता नवरदेवाच्या मागे धावली म्हणे. मेकअप राहिलाच.

सहलीच्या आदल्या दिवशी कोपरच्या त्यांच्या घरी जेवणाच्या टेबलावर कुणालाही जेवता येत नाही. टेबलावर धुतलेली चादर अंथरली जाते, पेटी रिकामी होते आणि एकेक वस्तूची तारीख मोठ्याने वाचली जाते. माझे मोठे दीर हातात वर्तमानपत्र धरून समोर बसलेले असतात. एकदा ते म्हणाले, "अगं, चिमट्याला पण एक्सपायरी असते का?" जाऊबाई मान वर न करता म्हणाल्या, "चिमट्याला नसते. तुम्हाला आहे. बीपीची गोळी घेतलीत?" दीर उठून गोळी घ्यायला गेले. कापसाचा आणि जाऊबाईंचा जुना वाद आहे. "कापूस उशीत घालावा," त्या म्हणतात, "उघड्या जखमेवर ठेवला तर त्याचे धागे चिकटतात." भाजल्यावर टूथपेस्ट लावणारी आणि कापल्यावर कॉफी दाबणारी माणसं त्यांच्या मते एकाच तुरुंगात ठेवायला हवीत. एका सामाजिक संस्थेच्या प्रथमोपचार वर्गात त्या रीतसर शिकून आल्या आहेत. वर्ग संपल्यावरही शंका विचारायला त्या इतक्या वेळा गेल्या, की शेवटी तिथल्या बाईंनी त्यांना पुढच्या तुकडीला शिकवायलाच बसवलं.

संध्याकाळी फोन सुरू होतात. कुणाचं पोट बिघडलंय, कुणाला गाडी लागते, कुणाला काय सोसत नाही, सगळी चौकशी. भाचीचं नवीन लग्न झालं, त्यानंतरच्या पहिल्या सहलीत त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "जावईबापू, मधमाशीची अॅलर्जी आहे का तुम्हाला?" जावई लाजत म्हणाला, "माहीत नाही, कधी चावलीच नाही." "मग तर जास्त जपायला हवं," जाऊबाई गंभीरपणे म्हणाल्या. बिचारा दिवसभर झाडाखाली बसला नाही. आणि एवढी सगळी तयारी करून सहसा कुणाला काही होत नाही, हेच त्यांचं मोठं दुःख. परत येताना गाडीत त्या सुस्कारा टाकतात. मग मुलंच दया येऊन त्यांच्याकडे जातात, "काकू, इथे लागलंय." तिथे काहीही नसतं. काकू चष्मा चढवून गुडघा उलटसुलट बघतात, पुसतात, पट्टी लावतात आणि त्या पट्टीवर पेनाने मांजर काढून देतात.

मागच्या थंडीत आम्ही सगळ्यांना आमच्याकडे कोलशेतला बोलावलं. ज्यांच्याकडून मी वर्षानुवर्षं मासे घेते त्या कोळीणबाईंनी खाडीकाठच्या त्यांच्या घरी जेवणाचं आमंत्रण दिलेलं. ओहोटी होती. जेवण तयार होईपर्यंत माझे यजमान फोटो काढायला धक्क्याच्या पायऱ्या उतरले. पेटीची सगळ्यात जास्त चेष्टा करणारा माणूस हाच. "वहिनी, आज ऑपरेशन थिएटर कुठे लावणार?" असं ते सकाळीच म्हणाले होते. खालच्या पायरीवर शेवाळ होतं. पाय सटकला आणि दगडाला चिकटलेल्या कालवांच्या धारदार शिंपल्यांवर पोटरी उभी चिरली गेली. मी आवाज ऐकून पोचले तर पायरीवर रक्तच रक्त. मुलगी रडायला लागली. कोळीणबाई हळदीचा डबा घेऊन धावत आल्या.

"हळद नको, बाई. प्यायचं पाणी आणा, भरपूर," कुणीतरी शांतपणे म्हणालं. जाऊबाई होत्या. एरवी ओला जिना उतरताना चार माणसांचा आधार मागणाऱ्या जाऊबाई बसत बसत खाली पोचल्या होत्या, आणि हातमोजे चढवत होत्या. पाण्याने चिखल धुतला, गॉझची जाड घडी जखमेवर ठेवली आणि तळहाताने दाबून धरली. घडी लाल झाली. मी म्हटलं, "बदला ना ती!" "काढायची नाही," त्या म्हणाल्या आणि वर दुसरी ठेवली. पाय उंच धरायला हवा होता. कोळीणबाई पायरीवर बसल्या, यजमानांची टाच सरळ स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि म्हणाल्या, "मी धरतंय पाय. तू बांद, बाय."

यजमान पांढरेफटक पडले होते. "वहिनी, पाय राहील ना?"

"राहील. शाळेत तुमच्या बाकावर कोण कोण बसायचं ते सांगा."

ते नावं सांगत राहिले, त्या दाबत राहिल्या. तिसऱ्या घडीवर डाग पसरायचा थांबला. मग पट्टी बांधली, बोटांची नखं दाबून रंग परततो का ते पाहिलं आणि म्हणाल्या, "चला, आता रिक्षा." इस्पितळात टाके पडले, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं. डॉक्टरांनी विचारलं, "ही पट्टी कुणी बांधली? रक्त छान थांबवलंय." मी उत्तर देणार तेवढ्यात मोठे दीर पुढे आले. आयुष्यभर 'आमची ही' याच्या पुढे न गेलेला माणूस, छाती पुढे काढून म्हणाला, "माझ्या बायकोने." आणि पलीकडच्या बाकावर बसलेल्या, आमच्याशी काहीही संबंध नसलेल्या आजोबांना पुन्हा एकदा सांगितलं, "माझी बायको आहे ती."

ती बायको तेव्हा बाहेर चहाचा कप धरायचा प्रयत्न करत होती. अर्धा चहा बशीत सांडला होता. मी कप हातात घेतला आणि त्यांना पाजला. त्या म्हणाल्या, "अगं, खरं रक्त मी पहिल्यांदाच बघितलं."

यजमानांची पोटरी भरली. आता ते तो व्रण पाहुण्यांना पदकासारखा दाखवतात. सहली मात्र कमी झाल्या आहेत. जाऊबाईंचे गुडघे दुखतात, मुलं आपापल्या मित्रांबरोबर जातात आणि यंदा माझी मुलगी शिकायला बाहेरगावी निघाली. जायच्या आधीच्या रविवारी जाऊबाई आमच्याकडे आल्या, तिच्यासाठी छोटी पेटी तयार करून. पण लगेच दिली नाही. स्वतःचा डावा हात टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "समज, मला लागलंय. बांध." लेक हसली, मग काकूंचं तोंड बघून सरळ बसली आणि अगदी सावकाश, जीभ दातांत धरून तिने मनगटापासून कोपरापर्यंत पट्टी बांधली. जाऊबाईंनी बोटं हलवून बघितली. "जराशी सैल आहे. पण जमेल तुला."

संध्याकाळी त्या निघाल्या. खाली रिक्षावाल्याने हाताकडे बघून विचारलेलं मला गॅलरीतून ऐकू आलं, "काय झालं, मावशी? फार लागलं का?"

"हो रे," जाऊबाई म्हणाल्या. पट्टी सोडायचं त्यांच्या मनात दिसलं नाही. हात छातीशी जपून धरत त्या रिक्षात बसल्या.