दोन गाड्यांचा रस्ता

आमचा प्लॉट शहाद्याबाहेर, लोणखेड्याच्या वाटेवर होता. आदल्या वर्षापर्यंत तिथे कापूस उभा होता. मी आणि माझे यजमान दोघंही शिक्षक. गावात एका मारवाडी दुकानामागच्या अंधाऱ्या खोलीत राहून माझा जीव मेटाकुटीला आला होता. म्हणून नगरपालिकेच्या ओव्हरसियरांनी त्या शेतात चुन्याच्या रेघा मारल्या, त्या दिवशी मी जवळजवळ धावतच गेले आणि आपल्या चौकोनात उभी राहून येडपटासारखी हसत सुटले.

हे ओव्हरसियर इंग्रजांच्या काळापासून त्याच खुर्चीवर होते. माणूस महाहट्टी. नव्या वस्तीतला रस्ता किती रुंद हवा, याचं त्यांचं माप एकच: कापसाने शिगोशीग भरलेल्या दोन गाड्या समोरासमोरून, न घासता गेल्या पाहिजेत.

भराभर घरं उठू लागली. रोज कुणाची तरी चौकट बसायची, कुणाकडे तरी पेढे. पण नकाशात एक गोष्ट राहून गेली होती, ओटा. आमच्याकडे ओट्याशिवाय घर म्हणजे घरच नव्हे. भाजी तिथेच निवडायची, पाहुणा तिथेच टेकायचा, भांडणही तिथूनच करायचं. मग ओळीतल्या सगळ्यांनी गुपचूप रस्त्यावर हात-दोन हात ओटे काढले. सर्वांत ऐसपैस माझा. तो मी स्वतः सारवला होता आणि घरापेक्षा मला त्याचाच अभिमान जास्त.

कापूस घरात येऊ लागला आणि एका सकाळी ओव्हरसियर दोन भरलेल्या गाड्या घेऊनच हजर झाले. प्रकाशा गावच्या कुणा गुजर शेतकऱ्याकडून मागून आणलेल्या. एक या टोकाला, एक त्या टोकाला. अख्खी वस्ती बाहेर आली, मीही पदर खोचून पुढे. गाड्या निघाल्या आणि नेमक्या माझ्या दारात अडल्या. एकीचं चाक ओट्यावर चढलं आणि बैल जागच्या जागी थांबले.

मी भडकले. असल्या आडबाजूला दोन गाड्या एकदम कधी येणार आहेत का, असं ओव्हरसियरांना तोंडावर विचारलं. पहारी घेतलेले मजूर त्यांच्यासोबत होते, पण मजुरांना त्यांनी हातानेच थांबवलं. टोपी काढून घाम पुसला.

"बाई, ओटा तुन्हा शे," ते म्हणाले. "पन रस्ता तुन्हा पोरेसना शे. पुढला महिनाम्हा मी घर बठसू. मंग कोन मोजी?"

पुढच्या महिन्यात ते निवृत्त होणार होते, आणि रस्ता म्हणे माझ्या पोरांचा. मला दिवस गेले होते. हे त्यांना ठाऊक असणं शक्यच नव्हतं; यजमानांनाही मी आठवड्यापूर्वीच सांगितलं होतं. माझा राग कुठल्या कुठे गेला. मी मजुराकडे पहार मागितली, तशी यजमानांनी धावत येऊन ती हिसकावली आणि पहिला घाव स्वतः घातला. ते पाहून शेजारचे हलले, मग त्यांच्या पलीकडचे. दुपारपर्यंत सगळी ओळ मोकळी झाली.

गाड्या पुन्हा निघाल्या. आम्ही सगळे श्वास रोखून उभे. दोन चाकांमध्ये वीतभर जागा ठेवून त्या एकमेकींशेजारून सरळ निघून गेल्या, आणि मी शाळेतल्या पोरींसारख्या टाळ्या पिटल्या.

संध्याकाळी बसायला कुणाकडेच ओटा नव्हता. आम्ही बायका सुपं घेऊन रस्त्यावरच बसलो, सगळ्यांना पुरून उरेल इतकी जागा होती. तिथेच मी त्यांना माझी बातमी सांगून टाकली.