डार्करूममधली दुसरी मोजणी

भुताच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी एकच विचारायचो — काल नीट जेवला होतास ना? एम.एस्सी. झालेला माणूस, सोलापुरात एका खाजगी लॅबमध्ये क्रोमोसोम तपासतो... माझा कसला विश्वास बसतोय असल्या गोष्टींवर. आज मीच लिहायला बसलोय. हसायचं तर हसा.

आमचं काम थोडक्यात सांगतो. गर्भाच्या पाण्यातल्या पेशी काचेच्या स्लाइडवर घ्यायच्या, त्यांना प्रोब, म्हणजे ठरावीक क्रोमोसोमलाच चिकटणारा चमकता रंग, लावायचा. एकवीस नंबरचा क्रोमोसोम असेल तिथे मायक्रोस्कोपखाली लाल ठिपका दिसतो. पेशीत दोन ठिपके म्हणजे ठीक, तीन म्हणजे डाउन सिंड्रोम. उजेडानं रंग उडतो म्हणून भरदुपारीही डार्करूमला आतून कडी. आणि एक नियम — स्लाइड दोघांनी मोजायची, पण वेगवेगळी. एकाचा आकडा दुसऱ्याच्या कानावर पडता कामा नये.

त्या दिवशी सॅम्पल माढ्याच्या एका बाईचं होतं. लग्नानंतर आठ वर्षांनी दिवस राहिले होते तिला. तिचा नवरा सकाळपासून बाकावर बसून होता, मला बघून उठला.

"साहेब, घरात ठरलंय. वाईट निघालं तर ठेवायचं न्हाय. ती मातूर कालपास्नं कायबी बोलंना की."

"डॉक्टर सांगतील," म्हणून मी आत सटकलो. अशा वेळी मला कुणाच्या तोंडाकडे बघवत नाही.

दुपारी दीडला कडी लावून बसलो. पहिल्याच पेशीत तीन लाल. दुसरी — तीन. तेवढ्यात डाव्या कानाशी बाईचा आवाज, "दोन."

वाटलं, आमच्या सीनियर शाहीन मॅडम शेजारच्या खुर्चीवर येऊन बसल्यात. "मॅडम, मोठ्यानं नका ना मोजू," मी डोळा न काढता म्हणालो. पुढची पेशी, तीन. "दोन." तिच्या पुढची मी बघायच्या आधीच... "दोन." चिडलोच मी. आणि मग आठवलं, कडी मी लावलीय.

मान वळवायची हिंमत झाली नाही. आवाज आणखी जवळ आला, दमलेला. "परत बघ की."

स्लाइड ट्रेमध्ये टाकली; कडी कशी काढली आठवत नाही. बाहेर शाहीन मॅडम डबा खात होत्या. "क्या हुआ रे संतोष? तोंड का असं पांढरं पडलंय?" मी नुसता ट्रे पुढे केला. त्यांनी स्लाइडी उजेडात धरल्या.

"नावं पेननं लिहिलीस तू?"

लिहिली होती. सकाळी पेन्सिलीचं टोक मोडलं, घाईत पेन घेतलं. स्लाइड अल्कोहोलमध्ये बुडवावी लागते आणि त्यात शाई धुऊन जाते, हे आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवतात. दोन्ही काचा कोऱ्या. एक त्या बाईची, आणि दुसरी प्रोब नीट लागतोय का हे बघायला आम्ही दर वेळी सोबत ठेवतो ती, मुद्दाम तीन ठिपक्यांचीच. अंधारात मी ट्रेमधल्या जागेवरून, बाईची समजून, एक उचलली होती. तीच मॅडमकडे गेली असती आणि त्यांनीही तीनच मोजले असते.

उरलेल्या सॅम्पलची नवी स्लाइड केली. दुसऱ्या दिवशी दोघांनी वेगवेगळं मोजलं. दोन.

मुलगी झाली त्यांना. नवरा पेढे घेऊन आला होता. माझ्या वाट्याचा पेढा मी तसाच टेबलावर ठेवला.

आवाज कुणाचा, मला आजही माहीत नाही. मॅडम म्हणतात, एसीचा असेल. असेल. मी आता त्या खोलीत एकटा जात नाही. पण आवाजापेक्षा मोठी भीती वेगळीच आहे. त्या दुपारी कुणीतरी बोललं, म्हणून मी थांबलो. त्याआधी इतक्या रिपोर्टांवर सह्या केल्या, तेव्हा कुणीच बोललं नव्हतं... ते सगळं बरोबर होतं म्हणून, की बोलायला कुणी आलंच नव्हतं म्हणून?