कचेरीचे दप्तरमामा

मराठवाडा विद्यापीठाचे नामांतर झाले त्या वर्षीच्या उन्हाळ्यात आमच्या तालुक्याची निजामकालीन तहसील कचेरी नव्या इमारतीत हलली. कागदांचा शेवटचा बस्ता दप्तरमामांनी स्वतः गाडीत ठेवला. त्याच महिन्याच्या अखेरीस ते निवृत्त झाले.

मामा तिथले रेकॉर्डकीपर. शिक्षण सातवी. उर्दू आणि मोडी ते कचेरीतल्या एका म्हाताऱ्या मुन्शींकडून शिकले होते. वाळूजकडे कारखाने उभे राहू लागले, तशी नोकरीच्या दाखल्यांसाठी मामांकडे रांग लागू लागली. ते फक्त आजोबांचे नाव विचारत आणि नेमका बस्ता काढत. मी इतिहासाचा पदवीधर, औरंगाबादच्या एका दैनिकाचा वार्ताहर. मला कोणी काही विचारत नसे. मला मामांचा हेवा वाटे.

कचेरीच्या कमानीवर कोरलेले साल मी इसवी सन धरले आणि इमारत सातशे वर्षांची असल्याचे छापले. दुसऱ्या दिवशी मामा रांगेसमोरच म्हणाले, "वार्ताहरसाहेब, निजाम यायच्या आधीच त्याची कचेरी बांधली व्हय? निजामाचं फसली साल हाय ते. पाचशे नव्वद मिळवा." रांग हसली. दुरुस्ती मी छापली नाही.

नामांतराच्या दंगलीत मामांच्या वस्तीवर दगड पडले. तरी ते रेकॉर्डरूमच्या दारात खुर्ची टाकून बसले. कोणीतरी म्हणाले, "मामा, घरी जा." मामा म्हणाले, "आग लागली तर कुणाचा कागद वाचंल? दगड मारणाऱ्याचाबी सातबारा आतच हाय." पुढच्या आठवड्यात नामांतरविरोधी मोर्चातले दोघे दाखल्याला आले. मामांनी त्यांच्या आजोबांची नावे विचारली.

नव्या इमारतीच्या उद्घाटनासाठी कचेरीच्या इतिहासाची पुस्तिका काढायचे काम तहसीलदारांनी मला दिले. मामांनी चौदा पाने लिहून दिली. कैद्यांची कोठडी कुठे होती, घोडे कुठे बांधत, सगळे त्यात होते. मामांचे वडील पायरीखाली उभे राहून अर्ज वर टाकत, हेही होते.

"खाली माझं नाव टाका, साहेब. लई नाय मागत. लेकरं वाचतील."

मी हो म्हणालो.

पुस्तिकेवर एकच नाव छापले गेले, माझे. प्रूफ मीच तपासले होते.

मामांनी ती उभ्यानेच शेवटच्या पानापर्यंत वाचली. "चांगलं लिहिलंय," म्हणाले आणि नातवंडांसाठी दोन प्रती मागून घेतल्या.

दोन वर्षांनी मामा वारले. पुस्तिकेची दुसरी आवृत्ती निघाली नाही.