काऊच्या नावाचा घास

शेजारची तीन वर्षांची ईरा वरणभात खात होती आणि तिची आई तिला नवं चित्रांचं पुस्तक वाचून दाखवत होती. मुलांना काऊच्या नावाने घास भरवायचं जुनंच बडबडगीत, पण या पुस्तकात गळ्याला रुमाल बांधून कावळाच जाब विचारत होता: 'नाव माझे, पोट तुझे, ताटामधले काय माझे?'

ईराने तोंड गच्च मिटलं. मग म्हणाली, "हा काऊलाच!"

"अगं, तसं नुसतं म्हणायचं असतं."

तिने घास खिडकीत ठेवलाच. कावळा आला आणि मान वाकडी करून बघत राहिला.

मीही बघत राहिले. लहानपणी आपण त्याच्या नावाने जेवतो आणि शेवटी, पिंडाला, तो आपल्या नावाने. मधल्या एवढ्या वर्षांत त्याला कुणी सहज जेवायला बोलावलं असेल का?