आत्याची तपासणी

सुनेनं विकतच्या पापडांचं पाकीट फोडलं. सगळे कसे साच्यातून काढल्यासारखे गोल, आणि चव पुठ्ठ्याची. पण हिंगाचा वास आला आणि मी थेट पन्नास-पंचावन्न सालच्या पनवेलात, आमच्या ओटीवर जाऊन बसले.

उडदाचे पापड लाटायचं काम चाललं होतं. माझे पापड उरणच्या किनाऱ्यासारखे वेडेवाकडे व्हायचे, कारण मांडीवर वाचनालयाची कादंबरी लपवलेली असायची. बाबांच्या थोरल्या बहिणीनं, आमच्या आत्यानं, त्या दिवशी ती पकडली.

"संध्याकाळी सदाला सांगते. बंदच करायला लावते तुझं वाचनालय!"

सदा म्हणजे माझे बाबा. मी पुस्तक मिटू लागले.

"असतं तरी काय मेलं यात? वाच मोठ्यानं."

मी वाचू लागले. नायिका खिडकीशी रडत होती.

"हिच्या घरचं पाणी कोण भरतं?" आत्यानं लाटणं आपटलं.

नायक कवी निघाला.

"म्हणजे बेकार. पुढे?"

नायिकेनं त्याची अंगठी परत केली.

"मूर्ख! सोनं कुणी परत करतं? थांबलीस का? वाच!"

ती माझ्याविरुद्ध पुरावा गोळा करतेय, असंच मला तेव्हा वाटत होतं. अंगणातले पापड उन्हात कडकडीत होऊन गेले, तरी कुणी उठलं नाही.

तेवढ्यात बाबा आले. "काय चाललंय?"

"तुझी लेक वाया चाललीय," आत्या म्हणाली. "किती, ते बघतेय. अजून निम्मं पुस्तक बाकी आहे. तू हातपाय धू, आणि मधे बोलू नकोस."