अक्कांच्या पदरावरची पट्टी

मला माणसं सांभाळता येत नाहीत, हे आता कबूल करून टाकते. जळगावहून धुळ्याकडे जाताना रस्त्याला लागून आमचं जेवणाचं हॉटेल आहे, वर आठ खोल्या. नवरा गेल्यापासून मीच चालवते. भाजी, गॅस, पाण्याचा टँकर, बिघडलेला जनरेटर, सगळं निभावून नेते. माणसांपुढे मात्र हात टेकते. शिकवून तयार केलेला वेटर नरडाण्याच्या कंपनीत लागतो, तिथे आठ तास भरले की घरी. होळीला सातपुड्याकडची माणसं गावी जातात, ती कधी परततील ते त्यांनाही सांगता येत नाही. भांडी घासणारी बाई लग्नसराईत फोनच उचलत नाही. माझं माहेर धुळ्याकडचं, त्यामुळे डोकं फिरलं की तोंडातून अहिराणीच निघते. "बठ्ठा ताप मनाच जीवले शे," सगळा ताप माझ्याच जिवाला, हे मी दिवसातून एकदा तरी म्हणतेच. आता कोणी मनावरही घेत नाही.

या सगळ्या येण्याजाण्यात एक माणूस टिकून होतं, आमच्या स्वयंपाकघरातल्या अक्का. साठीच्या पुढच्या, असोद्याच्या. सकाळच्या पहिल्या बसने जळगावला यायच्या, तिथून रिक्षाने हॉटेलवर. हिवाळ्यात आमच्याकडे गाड्या थांबतात त्या त्यांच्या भरितासाठी. मोठी हिरवी वांगी त्या तुरीच्या काड्यांवर भाजायच्या, सोलायच्या आणि बडगीत ठेचायच्या. बडगी म्हणजे लाकडाचं खोलगट भांडं, त्यांनी स्वतःच्या घरून आणलेलं. मिक्सरचं नाव काढलं तर माझ्याकडे असं बघायच्या की मीच गप्प बसायचे. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी. ती तव्यावरून उतरली की स्वतः टेबलापर्यंत नेऊन वाढायच्या आणि गिऱ्हाइकाला दटावायच्या, "गरम आहे तवर खाय." लोकांना ते दटावणंही आवडायचं.

मी त्यांना अहो-जाहो करायचे, त्या मला अगं-तुगं. "पोरी, जेवली का तू?" हे दुपारी तीनच्या सुमाराला त्याच विचारायच्या, दुसरं कोणी नाही.

दोन वर्षांपूर्वी नाशिकला लहान हॉटेलवाल्यांसाठी दोन दिवसांचं शिबिर होतं. कर्मचारी कसे टिकवावेत, हाच विषय. मी वही घेऊन पुढच्या रांगेत बसले. शिकवणारा माणूस सुटाबुटातला, गोड बोलणारा. म्हणाला, कर्मचाऱ्याला ओळख द्या. त्याच्या छातीवर त्याचं नाव असू द्या. गिऱ्हाईक नावाने बोलतं तेव्हा कर्मचाऱ्याला मान मिळाल्यासारखं वाटतं. आणि गिऱ्हाइकांसमोर मालकाला सर, मालकिणीला मॅडम म्हणायची सवय लावा. मला पटलं. खरंच पटलं, उगाच दोष कशाला देऊ. वाटलं, इतकी वर्षं आपण हेच चुकत होतो.

परत आल्यावर सगळ्यांच्या नावाच्या पट्ट्या करायला टाकल्या. तेव्हा लक्षात आलं की अक्कांचं नाव मला माहीतच नाही. अकरा वर्षं ही बाई माझ्या चुलीशी उभी आहे आणि मला तिचं नाव ठाऊक नाही. आधार कार्ड मागवलं, त्यावरून उतरवून घेतलं. ते नाव मी इथे लिहीत नाही. रेशनच्या दुकानात आणि मतदानाला सोडलं तर ते कोणी घेत नव्हतं, हे मला नंतर कळलं. गावात त्या लहानथोरांच्या अक्काच होत्या.

पहिल्या दिवशी पट्टी हातात घेऊन त्या हसल्या. "आनि तुले मॅडम म्हनू? काय व पोरी, थट्टा करून राह्यली का?" मीही हसले. पट्टी त्यांनी लावली, पण वरून पदर घेतला. दुसऱ्या दिवशीही तेच. मी दोनदा सांगितलं, त्यांनी दोनदा मान हलवली.

तिसरा दिवस रविवार होता. हॉल भरलेला, दोन वेटर आलेले नाहीत, वरच्या खोलीतल्या माणसाची गरम पाण्यासाठी कटकट चालू. माझा पारा चढलेलाच होता. अक्का भाकरी घेऊन बाहेर आल्या, पट्टी पदराखाली. आणि मी भर हॉलमध्ये म्हणाले, "अक्का, किती वेळा सांगायचं? पदर बाजूला करा, नाव दिसलं पाहिजे." एवढ्यावरही थांबले नाही. पुढे गेले, त्यांच्या दोन्ही हातांत ताटली होती, मीच पदराखालची पट्टी काढली आणि पदराच्या वर, सगळ्यांना दिसेल अशी टोचली. त्या हलल्या नाहीत. आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं बघत होती.

नाव दिसलं आणि ते घेतलंही गेलं. कोपऱ्यात सात-आठ तरुणांचा घोळका बसला होता. त्यातल्या एकाने पट्टी वाचली आणि तिथूनच हाक मारली, नुसत्या नावाने, "ए" लावून, "अजून चार भाकरी आण." त्याच्या मनात वाईट काही नसेल. शिबिरातल्या माणसाने सांगितलं होतं तसंच झालं, गिऱ्हाईक नावाने बोललं.

अक्कांनी चार भाकऱ्या नेऊन दिल्या. गर्दी ओसरेपर्यंत काम केलं. बडगी धुतली, ओट्यावर पालथी घातली, पट्टी काढून माझ्या गल्ल्याशेजारी ठेवली आणि रोजच्या वेळेला निघाल्या. मला काही कळलं नाही. मी तेव्हा फोनवर टँकरवाल्याशी भांडत होते.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. भरीत दुसऱ्या बाईने केलं, गिऱ्हाइकांनी अर्धं टाकलं. आमच्या जुन्या वेटरने, चोपड्याकडचा आहे तो, तीन दिवस तोंड मिटून ठेवलं होतं. चौथ्या दिवशी म्हणाला, "ताई, त्या दिवशी तुम्ही पदराला हात लावायला नको होता." मला त्याचा राग आला. मग बराच वेळ स्वतःचा आला. त्या आल्या नाहीत तर हिवाळा बुडेल, ही भीती होती. पण तीनच्या सुमाराला जेवलीस का विचारणारं कोणी नव्हतं, ते जास्त टोचत होतं.

स्कूटर काढून असोद्याला गेले. अक्का अंगणात तूर निवडत होत्या. मला खाट दिली, चहा केला. मी माफी मागायला गेले होते आणि खुलासा करत बसले. शिबिर सांगितलं, मान सांगितला. शेवटी म्हणाले, "पट्टी तुम्हाला एकट्यांनाच नव्हती अक्का, सगळ्यांनाच लावली होती."

त्यांनी सुपातून मान वर केली नाही. "तुले कुठी होती व पोरी?"

मला नव्हती. माझ्यासाठी पट्टी करावी हे माझ्या मनातही आलं नव्हतं. मी चहा पीत राहिले.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "बडगीले तेल लावलं का कोनं? वाळली तं चिरते ते." मी नाही म्हणाले. "मंग येते सोमवारी," म्हणाल्या.

सोमवारी त्या आल्या, पहिल्या बसने. त्याआधीच मी सगळ्यांच्या पट्ट्या गोळा करून डब्यात टाकल्या होत्या. बडगीला तेल लागलं, काड्या पेटल्या, भरिताचा वास रस्त्यापर्यंत गेला. गिऱ्हाईक खूश, मीही खूश. वाटलं, निभावलं.

तीन वाजता त्या गल्ल्यापाशी आल्या. हॉल रिकामा होता. म्हणाल्या, "ताट वाढलं आहे. जेवून घ्या, मॅडम."

मला वाटलं, थट्टा आहे. त्यांच्या तोंडाकडे बघितलं. थट्टा नव्हती.

दोन हिवाळे झाले. अक्का एक दिवस चुकवत नाहीत. भाकरी आता त्या बाहेर आणत नाहीत, वेटरकडे देतात. इतका भरवशाचा माणूस माझ्याकडे दुसरा नाही, हे शिबिरात सांगितलं तर तो सुटातला माणूस टाळ्या वाजवेल. मध्ये एकदा मला राहवलं नाही. आत गेले, त्यांच्याशेजारी उभी राहिले आणि म्हणाले, "अक्का, पाया पडते तुमच्या, मला मॅडम म्हणू नका."

त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली.

"बरं, मॅडम," म्हणाल्या.